बाबेलमधील तीन वर्षे
(तरुण संघ व घरगुती प्रार्थनासभेसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : दानीएल, अध्याय १ (संपूर्ण). पाठाला बसण्यापूर्वी एकाने हा अध्याय सावकाश, मोठ्याने वाचावा.



पाऊस सुरू झाला, बारावीचे निकाल हातात आले, की डहाणू रोडहून सुटणाऱ्या लोकलमध्ये काही नवे चेहरे दिसू लागतात. एक मुलगा किंवा मुलगी, सोबत बाप किंवा मामा, मांडीवर बॅग आणि हातात प्लॅस्टिकची फाइल. त्या फाइलमध्ये गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला असतो. घरातल्या सगळ्या आशा त्या एका फाइलमध्ये असतात. ती फाइल बाप दोन्ही हातांनी धरून बसतो.

२०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली आणि बोरिवली, अंधेरीची महाविद्यालये या मुलांच्या आवाक्यात आली. डहाणू ते बोरिवली हे अंतर साधारण नव्वद किलोमीटरचे आहे. मध्य रेल्वेच्या बाजूने कसारा, आसनगाव, कर्जत या भागांतली मुले मुलुंड आणि घाटकोपरला येतात. यांत वारली आहेत, मल्हार कोळी आहेत, ठाकूर आहेत आणि क्वचित एखादा कातकरीही असतो. काही तर आपल्या अगदी दाराशी राहतात. आरे कॉलनीतल्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरची मुले आपल्याच रस्त्यांवरून कॉलेजला जातात, आणि आपल्याला ते ठाऊक नसते.

या अंकातला पाठ त्यांच्यासाठी आहे. तो आपल्यासाठी, म्हणजे त्यांच्या शिक्षणासाठी दर महिन्याला पाकिटात काही घालणाऱ्या मंडळीसाठीही आहे. असे का म्हणतो, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी जव्हारकडचा एक मुलगा आमच्या शनिवारच्या अभ्यासवर्गाला येत असे. वाणिज्य शाखेचे पहिले वर्ष होते. शांत, वेळेवर येणारा, शेवटच्या बाकावर बसणारा. दिवाळीच्या सुट्टीत भातकापणीसाठी घरी गेला तो परत आला नाही. आम्हाला वाटले, आजारी असेल. जानेवारीत चौकशी केली तेव्हा कळले की शिष्यवृत्ती आली नव्हती, खोलीचे दोन महिन्यांचे भाडे थकले होते आणि मालकाने सर्वांसमोर सुनावले होते. ती रक्कम आमच्यापैकी कोणालाही सहज देता आली असती. त्याने मागितली नाही, कारण त्याला लाज वाटली. आम्ही विचारले नाही, कारण आमच्या ते लक्षातच आले नाही. आम्ही त्याच्या गावी पोहोचलो तोवर तो आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर निघून गेला होता.

तो वाईट संगतीला लागला नव्हता, व्यसनी नव्हता, आळशी नव्हता. कठीण प्रसंगी कोणाकडे जायचे हे त्याला माहीत नव्हते, एवढेच. विद्यार्थ्याने योग्य निवड करावी असे आपण सहज म्हणतो. पण निवड करायला समोर दुसरा रस्ता दिसावा लागतो. तो दाखवणे हे कोणाचे काम आहे, हा प्रश्न मनात ठेवून दानीएलाकडे वळू या.

पार्श्वभूमी

ख्रिस्तपूर्व ६०५ च्या सुमाराला बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेवर चाल केली आणि यहूदातली काही तरुण मुले आपल्या देशात नेली. ती हुशार होती, देखणी होती, चांगल्या घरांतली होती. त्यांना तीन वर्षे खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकवायची आणि मग राजाच्या चाकरीत घ्यायचे, असा बेत होता. जेवण राजाच्या पंगतीतले मिळणार होते. नावेही नवी देण्यात आली.

तीन वर्षांचा अभ्यासक्रम, परकी भाषा, वसतिगृह, ठरलेली मेस, नवे नाव आणि शेवटी नोकरी. आपल्या पाड्यावरून अंधेरीला आलेल्या मुलाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. दानीएलाला बळजबरीने नेले होते, आपली मुले स्वेच्छेने येतात, हा फरक आहे. पण पहिल्या रात्री छताकडे पाहत पडलेल्या मुलाला तो फरक फारसा जाणवत नाही.

१. विद्या मनापासून घ्या

दानीएल आणि त्याच्या मित्रांनी बाबेलची भाषा शिकायला नकार दिला नाही. परक्यांची पुस्तके, परक्यांचे हिशेब, परक्यांचा इतिहास हे सारे ते शिकले आणि उत्तम शिकले. अध्यायाच्या शेवटी राजा त्यांची परीक्षा घेतो तेव्हा ते इतरांपेक्षा दसपट सरस ठरतात. ही बुद्धी देवाने दिली असे शास्त्र सांगते. पण बुद्धी देवाने दिली म्हणून त्यांना तीन वर्षे अभ्यास करण्यापासून सूट मिळाली नाही.

मुलांनो, तुमच्या आजीपणजीच्या काळी डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी शाळा चालवली. गुरे सोडून मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा गुरे चरतात त्या कुरणातच त्यांनी शाळा नेली आणि ‘कुरणशाळा’ सुरू केली. तिथपासून तुमच्या पदवीच्या वर्गापर्यंतची वाट अनेकांच्या कष्टांनी झाली आहे. म्हणून तास चुकवणे ही लहान गोष्ट समजू नका.

काही साध्या गोष्टी पहिल्याच महिन्यात समजून घ्या. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत परीक्षेला बसण्यासाठी साधारण ७५ टक्के हजेरी लागते. कापणीसाठी किंवा घरच्या लग्नासाठी आठवडाभर जाणार असाल तर आधी वर्गशिक्षकांना लेखी कळवा. एखादा विषय राहिला तर ‘एटीकेटी’ची सोय असते, म्हणजे पुढच्या वर्गात जाऊन तो विषय पुन्हा देता येतो. एका विषयात नापास झालो म्हणजे सगळे संपले असे समजून घरी परतलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना हा नियम कोणी सांगितलाच नव्हता.

इंग्रजीची भीती तर प्रत्येकाला वाटते. वर्गातली निम्मी मुले तुमच्यासारखीच गप्प असतात, फक्त त्यांचे कपडे चांगले असतात. रोज एक पान मोठ्याने वाचा आणि अर्थ न कळलेले पाच शब्द वहीत लिहा. दानीएलालाही खास्द्यांची भाषा पहिल्या आठवड्यात आली नसणार.

२. नवे नाव आणि जुनी ओळख

दानीएलाला बेल्टशस्सर म्हणू लागले. हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या यांना शद्रख, मेशख आणि अबेद्नगो ही नावे मिळाली. हाक मारणाऱ्याने नव्या नावाने हाक मारली की ते ओ देत असतील. पण आपण कोण आणि कोणाचे, हे ते विसरले नाहीत.

शहरात आलेल्या आदिवासी मुलावरही नवी नावे चिकटवली जातात. कोणी ‘जंगली’ म्हणतो, कोणी ‘कोट्यातला’ म्हणतो. मग काही मुले गावाचे नाव विचारल्यावर नुसते ‘पालघर’ सांगतात, मित्रांसमोर आईचा फोन घेत नाहीत, आपली बोली बोलायची टाळतात. हे लबाडीने होत नाही, दुखावल्यामुळे होते. पण रोज थोडे थोडे लपवत गेले की लपवायचे ओझे वाढत जाते.

इथे जयपाल सिंग मुंडा यांची आठवण ठेवण्यासारखी आहे. आजच्या झारखंडातल्या खुंटीजवळच्या टकरा गावचा हा मुंडा मुलगा रांचीच्या मिशनशाळेत शिकला आणि तिथल्या मुख्याध्यापकांच्या मदतीने इंग्लंडला जाऊन ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. तिथे तो अभ्यासाबरोबर हॉकीतही चमकला. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी भारताच्या संघाचे कर्णधारपद त्याच्याकडे आले. त्या वेळी तो आयसीएसच्या प्रशिक्षणात होता आणि त्याला रजा मिळाली नाही. तो तरीही गेला. परतल्यावर प्रशिक्षणाचे वर्ष पुन्हा करा असे सांगण्यात आले, तेव्हा त्याने त्या मोठ्या नोकरीवर पाणी सोडले. त्या ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक जिंकले. मतभेदांमुळे जयपाल सिंग अंतिम सामन्याआधीच संघापासून दूर झाले होते, हेही खरे. निवड केली की तिची किंमत द्यावी लागते आणि पुढची वाट दर वेळी सरळ असतेच असे नाही.

पण त्यांचे खरे मोठेपण पुढे दिसले. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत ते आदिवासींच्या वतीने उभे राहिले आणि ज्या ‘जंगली’ शब्दाने आदिवासींना हिणवले जाते तोच शब्द त्यांनी अभिमानाने स्वतःला लावून घेतला. ऑक्सफर्डची पदवी घेतलेल्या माणसाने आपली ओळख त्या सभागृहाच्या दाराबाहेर ठेवली नाही.

ओळखीचा एक कागदोपत्री भागही आहे. राखीव जागेवर प्रवेश घेताना जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वडिलांचे, आजोबांचे जुने दाखले शोधावे लागतात आणि तपासणी समितीच्या निर्णयाला वेळ लागतो. म्हणून अकरावीतच अर्ज करावा. आमच्या ख्रिस्ती मुलांना एक भीती असते की फॉर्मवर धर्म खरा लिहिला तर जमातीचा दाखला जाईल. अनुसूचित जमातींबाबतच्या १९५० च्या आदेशात, अनुसूचित जातींच्या आदेशात आहे तशी धर्माची अट घातलेली नाही. जमातीच्या चालीरीती आणि कुळाचे पुरावे मात्र समिती तपासते. कोणी ‘धर्म लपव, काम होईल’ असा सल्ला दिला तर ऐकू नका. शंका असेल तर जाणत्या वकिलाला विचारा आणि जे खरे आहे तेच लिहा.

३. ताट समोर येण्याआधी

आठव्या वचनात दानीएलाने आपल्या मनाशी निश्चय केला असे सांगितले आहे. हा निश्चय त्याने केव्हा केला, ते पाहा. पंगत बसली, सगळे जेवू लागले आणि मग त्याने विचार केला असे झाले नाही. आधी मनात ठरले, मग तो बोलला. पंगतीत बसल्यावर आणि मित्रांनी आग्रह केल्यावर ठरवायला बसणाऱ्याचा निश्चय फार काळ टिकत नाही.

तेव्हा मुलांनो, आजच ठरवावे अशा तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट दारूची. पाड्यावर दारूने काय होते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे. शहरात ती वाढदिवसाच्या पार्टीतून, ‘एकदा घेऊन तर बघ’ म्हणत येते. ‘मी घेत नाही’ हे तीन शब्द पहिल्याच वेळी हसून सांगावेत. कारणे देऊ नयेत. कारणे दिली की वाद सुरू होतो.

दुसरी गोष्ट मोबाइलवरच्या कर्जाची. पैसे संपले की पाच मिनिटांत कर्ज देणारी अॅप दिसतात. ती तुमच्या फोनमधले सगळे क्रमांक आणि फोटो मागतात. हप्ता चुकला की तुमच्या शिक्षकांना आणि नातेवाइकांना घाणेरडे संदेश जाऊ लागतात. उपाशी झोपण्याची वेळ आली तरी हे कर्ज घेऊ नका. त्याआधी आम्हाला फोन करा.

तिसरी गोष्ट बँक खात्याची. शिष्यवृत्तीसाठी तुमचे खाते असते. एखादा ओळखीचा मुलगा म्हणतो, ‘तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, दोन हजार मिळतील.’ लोकांना फसवून लुटलेला पैसा अशा खात्यांतून फिरवला जातो. पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. दोन हजारांसाठी पदवी, नोकरी आणि आईवडिलांची झोप पणाला लागते. खाते, कार्ड, सिम कोणालाही देऊ नये, सख्ख्या मित्रालाही नाही.

प्रेमाविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्या सभांमध्ये आपण तो विषय टाळतो. घरापासून दूर, एकट्या पडलेल्या मुलीशी कोणी गोड बोलले की ते देवाचे उत्तर वाटू शकते. जो माणूस तुम्हाला मैत्रिणींपासून, घरापासून आणि प्रार्थनेपासून तोडू पाहतो, तुमचे फोटो मागतो, लपवून ठेव असे म्हणतो, तो प्रेम करत नाही. आणि एखादीची चूक झालीच, तर तिने आपल्याकडे यावे असे आपले घर असले पाहिजे. तिला दारातच उपदेश मिळाला तर पुढची मुलगी दार ठोठावणार नाही.

४. दहा दिवसांची विनंती

दानीएल संतापला नाही आणि ताटही त्याने उलटले नाही. तो खोजांच्या सरदाराकडे गेला आणि त्याने विनंती केली. सरदाराला त्याच्याविषयी आपुलकी होती, पण राजाची भीतीही होती. तिथे नकार मिळाल्यावर दानीएल गप्प बसला नाही. तो खालच्या कारभाऱ्याकडे गेला आणि त्याने एक लहानशी, मोजता येईल अशी गोष्ट सुचवली : दहा दिवस आम्हाला शाकान्न आणि पाणी देऊन पाहा, मग तुम्हीच ठरवा.

आपल्या मुलांना हे शिकवण्याची मोठी गरज आहे. सरकारी कचेरीत, महाविद्यालयाच्या खिडकीवर, रेक्टरसमोर ती एकदा विचारतात आणि नकार मिळाला की परत फिरतात. पाड्यावरच्या माणसाला कचेरीत कसे वागवले जाते हे त्यांनी लहानपणापासून पाहिले आहे. म्हणून सांगतो : नम्रपणे विचारा, लेखी विचारा, पोच घ्या. एका खिडकीवर काम झाले नाही तर पुढच्या खिडकीवर जा.

काही हक्क तर मागण्यासाठीच आहेत. महाडीबीटी पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. २०१६-१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मुंबईसारख्या शहरासाठी भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये ठरवण्यात आले होते. त्यासाठी डहाणू, जव्हार, शहापूर, पेण यांसारख्या ठिकाणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत चौकशी करता येते. हे पैसे मेहेरबानी म्हणून मिळत नाहीत, तो हक्क आहे. मात्र ते उशिरा येऊ शकतात, आणि त्या मधल्या काळातच जव्हारचा तो मुलगा आमच्या हातून सुटला.

कधी कधी विचारायची गोष्ट पैशांपेक्षा मोठी असते. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपवले. त्या जळगावकडच्या, तडवी भिल्ल समाजातल्या होत्या. जातीवरून त्यांचा छळ झाला असा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. डॉक्टर होऊन आपल्या लोकांत परतणारी एक आदिवासी लेक आपण गमावली. हे वाचून मान खाली घालून पुढे जाणे आपल्याला शोभणार नाही.

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम सर्व महाविद्यालयांना लागू आहेत. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर करता येते. जातीवरून अपमान केल्यास अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. आणि मन इतके थकले असेल की जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतूनही बोलता येते. मुलांनो, अशा वेळी फोन करणे हा अविश्वास नव्हे. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिले आणि खाऊ घातले. रागावला नाही.

५. चौघे जण

दानीएल एकटा नव्हता. ते चार होते आणि चौघांनी मिळून शाकान्न खाल्ले. बाबेलच्या त्या पंगतीत एकट्या मुलाला दहा दिवस काढणे फार जड गेले असते. उपदेशकाच्या चौथ्या अध्यायात दोघांपैकी एक पडला तर दुसरा त्याला उठवतो असे सांगून पुढे तीनपदरी दोरीची गोष्ट आली आहे, ती इथे वाचावी.

पहिल्या महिन्यात आपले ‘चौघे’ शोधा. त्यातला एक वर्गातला असावा, जो वह्या देईल. एक गावाकडचा असावा, ज्याच्याशी आपल्या बोलीत बोलता येईल. एक प्रार्थनेचा सोबती असावा. आणि एक वयाने मोठे माणूस असावे, ज्याच्याकडे रात्री अकरा वाजताही जाता येईल. हे चौथे माणूस आपल्या मंडळीतून मिळाले पाहिजे.

६. लपवून जगू नका

मराठी ख्रिस्ती माणसाला बाबा पदमनजी हे नाव नवे नाही. १८३१ मध्ये बेळगावात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते मुंबईच्या मिशनशाळेत आले. आपल्या विद्यार्थिदशेतली आणि तरुणपणातली घालमेल त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिली आहे. त्या काळी मुंबईत परमहंस मंडळी नावाची गुप्त सभा होती. सुशिक्षित तरुण तिथे जमत, जातिभेद मोडून एकत्र खात, पण बाहेर त्याची वाच्यता करत नसत. बाबांचाही त्या सभेशी संबंध आला होता. पुढे सभासदांची नावे बाहेर फुटली आणि ती सभा विस्कटली. त्याआधीच, १८५४ मध्ये, बाबा पदमनजींनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला होता आणि त्याची किंमत घरी व समाजात मोजली होती.

त्या सभेतल्या तरुणांचे विचार चांगले होते. पण आत एक आणि बाहेर एक असे जगणे त्यांना फार काळ निभले नाही. दानीएलाच्या सहाव्या अध्यायात तो म्हातारा झालेला दिसतो. प्रार्थनेला बंदी आली तरी तो नेहमीप्रमाणे यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या ठेवूनच गुडघे टेकतो. तरुणपणी पंगतीत लागलेली सवय म्हातारपणी सिंहांच्या गुहेपर्यंत पुरली.

आपल्या मुलांना याचा अर्थ इतकाच : खोलीवर एक, चर्चमध्ये दुसरे आणि गावी तिसरे असे जगू नका. चुकलात तरी उघडपणे सांगा. लपवलेल्या चुकीपेक्षा सांगितलेली चूक हलकी असते.

मंडळीने काय करावे

आता पुन्हा आपल्याकडे. पैसे पाठवणे चांगले आहे आणि त्यासाठी आम्ही आपले आभारी आहोत. पण जव्हारच्या त्या मुलाने आम्हाला शिकवले की पैशांइतकेच माणूसही लागते.

बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर इथल्या प्रत्येक मंडळीने या वर्षी दोन विद्यार्थी ‘आपले’ म्हणून घ्यावेत. महिन्यातून एका रविवारी घरी जेवायला बोलवावे. जेवताना त्यांच्या गावाविषयी, शेताविषयी, घरच्यांविषयी विचारावे. गुण शेवटी विचारावेत. महाविद्यालयात फॉर्म भरताना एकदा सोबत जावे. शिष्यवृत्ती येईपर्यंतच्या भाड्यासाठी मंडळीच्या पेटीत थोडी रक्कम बाजूला ठेवावी आणि ती देताना कोणालाही हात पसरावा लागणार नाही अशा रीतीने द्यावी. भातकापणीला गेलेले मूल परतायच्या तारखेला परतले का, हे फोन करून विचारावे. हा एक फोन सर्वांत महत्त्वाचा आहे.

काही गोष्टी करू नयेत. मदत दिली म्हणून मुलांना वेदीसमोर उभे करून साक्ष द्यायला लावू नये. त्यांच्या गरिबीचे फोटो काढू नयेत. जे मूल ख्रिस्ती नाही त्यालाही तीच थाळी, तेच भाडे आणि तीच आपुलकी मिळावी. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला धर्म विचारला नव्हता.

चर्चेसाठी प्रश्न

१. दानीएलाने बाबेलची विद्या घेतली पण राजाचे अन्न नाकारले. आपल्या महाविद्यालयात कशाला ‘हो’ म्हणायचे आणि कशाला ‘नाही’, अशा दोन-दोन गोष्टी सांगा.
२. आपली भाषा, गाव किंवा घर लपवावेसे तुम्हाला कधी वाटले? त्या वेळी काय घडले होते?
३. सरदाराकडून नकार मिळाल्यावर दानीएल कारभाऱ्याकडे गेला. तुमचे कोणते काम एका नकारावर थांबले आहे? या आठवड्यात कोणाला विचाराल?
४. तुमचे ‘चौघे’ कोण? नावे वहीत लिहा. एखादी जागा रिकामी असेल तर आज सभेत सांगा.
५. मोठ्यांसाठी : आपल्या मंडळीत येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या गावाचे आणि आईवडिलांचे नाव तुम्हाला सांगता येईल का?

प्रार्थनेचे विषय

पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना नव्या जागी धीर मिळावा. शिष्यवृत्ती आणि वैधता प्रमाणपत्रे वेळेत मिळावीत, त्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांच्या मनात दया असावी. छळ सोसणाऱ्या विद्यार्थ्यांना बोलण्याचे बळ आणि ऐकणारे कान मिळावेत. मुलांना पाठवून पाड्यावर वाट पाहणाऱ्या आईबापांना शांती लाभावी. आणि अर्ध्यावर शिक्षण सोडून गेलेल्यांसाठी प्रार्थना करावी. परत येण्याचे दार त्यांच्यासाठी उघडे आहे, हे त्यांना कळावे आणि ते सांगायला आपल्यापैकी कोणीतरी जावे.

जव्हारकडचा तो मुलगा आता एका दुकानात काम करतो. गेल्या नाताळात त्याचा फोन आला होता. धाकटी बहीण बारावीला आहे, असे सांगत होता. ‘तिला पाठवू का?’ असे त्याने विचारले. पाठव, असे आम्ही म्हटले आहे. ती येईल तेव्हा स्टेशनवर कोणीतरी उभे असले पाहिजे.